ढोलावरची छत्री

"छत्री माझ्यावर नको. ढोलावर धरा."

त्याने मला उद्देशून म्हटलेलं हे पहिलं वाक्य. पुढे तो माझ्याशी पुष्कळ बोलला, पण आता या वयात, ल्यूटनच्या या घरात एकटी बसलेली असताना काचेवर पाऊस वाजू लागला की कानात येतं ते हेच. ती छत्री अजून दारामागे टांगलेली आहे. तिची एक काडी वाकडी आहे.

मी त्या दिवशी आंदोलनाला गेलेच नव्हते. बूट घ्यायला गेले होते. माझी मुलगी मायदेशी, घरी मास्विंगोला माझ्या बहिणीकडे शिकत होती, तिच्यासाठी काळे बूट. लंडनच्या त्या मोठ्या रस्त्याने चालले होते, भुरभुर पाऊस होता, आणि एकाएकी ढोल ऐकू आला. आमच्याकडचा ढोल. बाकी कुठलाही ढोल वाजला तर माणूस बघतो आणि पुढे जातो. हा वाजला की पाय आपोआप वळतात.

आमच्या वकिलातीसमोरच्या फुटपाथवर, झाडांखाली, तीसेक माणसं गात उभी होती — दर शनिवारी, आमच्याच सरकारविरुद्ध. फलक होते, झेंडा होता, आणि कडेला एक उंच माणूस गुडघ्यांत ढोल धरून बसला होता. एका हाताने वाजवत होता आणि दुसऱ्या हाताने कोटाचं टोक ढोलावर ओढत होता. मला त्याची दया आली. मी जाऊन त्याच्या डोक्यावर छत्री धरली... आणि त्याने वर न बघताच ते वाक्य म्हटलं.

"आणि तुम्ही भिजलात तर?" मी विचारलं.

"माझं कातडं भिजलं तरी आवाज बदलत नाही. याचा बदलतो."

मी छत्री ढोलावर धरली. एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. माझा डावा खांदा पार भिजला. तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

"तुम्ही भिजताय की."

"माझाही आवाज बदलत नाही," मी म्हणाले.

तो हसला, आणि हसताना त्याचा हात चुकला. पुढे उभ्या असलेल्या एका जाड्या बाईने मागे वळून असं काही पाहिलं की आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे गप्प झालो.

"नाव काय तुमचं?" थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं.

"मायदेई."

"मायदेई," तो म्हणाला.

एवढंच. पण त्याने ते बरोबर म्हटलं — शेवटचा स्वर किंचित खाली सोडून, माझी आई सोडायची तसा. मी घरी शाळेत भूगोल शिकवायचे. इथे ल्यूटनच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालत होते, आणि तिथे मला सगळे 'मेडी' म्हणायचे. भाड्याच्या खोलीत तर नावाने हाक मारायलाच कोणी नव्हतं. नवरा जाऊन बराच काळ झाला होता. चाळिशी उलटली होती. अशा वेळी कोणी आपलं नाव नीट उच्चारलं तर बाईने काय करावं? मी छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि बूट विसरून गेले.

मग ती जाडी बाई जवळ आली. माय रुफारो — रुफारोची आई. शनिवारचा सगळा कारभार तिच्या हातात.

"नवीन दिसतेस. कोणाची?"

आमच्यात 'कोणाची' म्हणजे देवक कुठलं. नाव नंतर.

"चिहेरा," मी म्हणाले. आमचं देवक म्होफू. माळावर फिरणारं, बैलाएवढं थोरलं हरीण असतं ते. त्या देवकाच्या लेकींना चिहेरा म्हणतात.

माय रुफारोचं तोंड उजळलं. "अगं मग हा विल्बर्ट तुझा भाऊच की. हाही म्होफू. बघ, परक्या मुलखात कशी भावाने बहीण शोधली."

ढोल थांबला.

एका देवकाचे दोघं म्हणजे भाऊबहीण. आधी ओळख असो वा नसो, दहा पिढ्यांत नातं असो वा नसो. मी त्याच्याकडे पाहिलं. तो ढोलाच्या वादीकडे बघत होता, जणू ती आत्ताच तुटली होती.

"हो," तो म्हणाला. "बरं झालं... ताई."

त्या एका शब्दासरशी मला माझा डावा खांदा पहिल्यांदाच गार वाटला.

*

तरी मी पुढच्या शनिवारी गेले, त्याच्या पुढच्याही. भावाला भेटायला बहिणीने का जाऊ नये?

त्या फुटपाथवर सगळ्यांचा सगळ्यांवर जीव होता, आणि सगळ्यांना सगळ्यांचा संशयही होता. काही जण फोटोपुरते यायचे — आश्रयाच्या अर्जाला जोडायला फलक हातात धरलेला फोटो लागतो म्हणून. आणि आमच्यातला कोणीतरी इथली नावं तिकडे सरकारला कळवतो अशी कुजबुज कायम असायची. वकिलातीच्या वरच्या मजल्यावरचा पडदा हलला की गाणारे आणखी मोठ्याने गायचे आणि काही माना खाली जायच्या. विल्बर्ट मात्र कॅमेरा दिसला की बुटाची नाडी बांधायला बसायचा.

"सगळे फोटोसाठी मरतात आणि तुम्ही लपता," मी एकदा म्हणाले.

"माझं थोबाड बघून आंदोलन बदनाम होईल."

"थोबाड बरं आहे की."

"बहिणीला बरंच वाटणार," तो म्हणाला, आणि मी मक्याच्या लाह्यांच्या पिशवीत तोंड घातलं.

'ताई' म्हणायच्या आधी तो नेहमी क्षणभर अडखळायचा. ढोल वाजवणारा माणूस ठेका चुकत नाही. हा तिथे चुकायचा.

"सर्दी आहे का तुम्हाला?" मी विचारायचे.

"लंडनची हवा."

आमच्यात बहिणीचं लग्न ठरवायचं तर भावाची पसंती लागते, आणि सासरहून येणाऱ्या मानातला वाटाही त्याला मिळतो. त्यावरून तो मला छळायचा.

"तुमच्या नवऱ्याकडून मी कोंबडा घेणार. तांबडा, तुऱ्याचा."

"आधी नवरा आणा."

"शोधतोय. एकही पसंत पडत नाही."

आणि खरंच एक स्थळ आलं. आमच्यातले वडीलधारे बाबा गवेन्झी — ते फुटपाथवरही टाय लावून उभे राहायचे — त्यांचा एक पुतण्या क्रॉयडनला होता, बायको गेलेला, चांगल्या नोकरीचा. तो एका शनिवारी मुद्दाम आला. बाबांनी विल्बर्टला बाजूला घेतलं, भाऊ म्हणून. विल्बर्ट परत आला तो कपाळाला आठ्या घालून.

"नाही जमणार, ताई."

"का हो?"

"बूट पाहिलेत त्याचे? टोकं वर वळलीत. असा माणूस आपल्या घरात?"

"माणूस चांगला आहे म्हणतात."

"असेल. बूट चांगले नाहीत." मग ढोलाकडे बघत, अगदी हळू, "तुम्हाला... आवडला का तो?"

"नाही," मी म्हणाले.

त्या दिवशी त्याने असा ढोल वाजवला की वाहतूक सांभाळणारा पोलीसही पायाने ठेका धरत होता. मी मात्र परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून रडले. कशासाठी रडतेय ते स्वतःलाही नीट सांगता येत नव्हतं. भाऊ चांगला मिळाला होता. एवढं कोणाला मिळतं?

आंदोलन संपलं की तो फोनच्या दुकानात जायचा. मी बाहेर थांबायचे. काचेच्या खोक्यात तो उभा असायचा, एका कानावर हात ठेवून. तिकडे त्याची म्हातारी आई ठरल्या वेळी बाजारच्या दुकानात येऊन बसायची. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. तो फोनवर कधी 'मी विल्बर्ट' म्हणायचा नाही. नुसतं म्हणायचा, "मी आहे."

*

नोव्हेंबरमधला शनिवार होता. हात खिशातून बाहेर काढवत नव्हते. बाबा गवेन्झींच्या भाच्याने घरून येताना सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या आणल्या होत्या, सामानात लपवून. पुडकं उघडलं आणि धुराचा, मिठाचा तो वास फुटपाथभर पसरला. गाणं आपोआप थांबलं. सगळे लहान होऊन आपापल्या आज्यांच्या चुलीपाशी जाऊन बसले होते.

माय रुफारो वाटत माझ्यापाशी आली आणि पुडकं मागे घेतलं. "तू नको गं चिहेरा. म्होफूचं आहे. तुझ्याच नात्यातलं." सगळे हसले. आपल्या देवकाचं मांस कोणी खात नाही. खाल्लं तर दात पडतात असं लहानपणापासून ऐकलेलं. मीही हसले.

आणि मग मी विल्बर्टकडे पाहिलं.

भाच्याने त्याच्या हातावर एक पट्टी ठेवली होती. "म्होफू आहे, वाळवलेलं," असं म्हणून ठेवली होती. मी स्वतः ऐकलं. विल्बर्टने ती वासासाठी नाकाशी नेली. डोळे मिटले. मग दाताने एक तुकडा तोडला, सावकाश, मागच्या दाढेने चावत... "आमच्या घरी असंच करायचे," तो म्हणाला, "मीठ थोडं जास्त." आणि दुसऱ्या पट्टीसाठी हात पुढे केला.

घरच्या चवीने त्याला विसरायला लावलं की तो विल्बर्ट आहे.

माझ्या छातीत काय झालं ते कसं सांगू? हा म्होफू नाही. हा माझा भाऊ नाही. हा माझा कोणीच नाही — देवा, हा माझा कोणीच नाही! इतका आनंद मला नवरा गेल्यापासून झाला नव्हता. आणि तो आनंद पुरता वर यायच्या आत मी बाबा गवेन्झींचा चेहरा पाहिला.

"विल्बर्ट," बाबा म्हणाले. "चव कशी आहे?"

त्याने डोळे उघडले. हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"देवक खोटं सांगणारा माणूस," बाबा शांतपणे म्हणाले, "फोटोत न येणारा माणूस. आमच्यात बसून आमची गाणी ऐकणारा. कोण आहेस तू? नाव सांग. गाव सांग. आत्ता, सगळ्यांसमोर."

लोक जवळ सरकले. कोणीतरी कॅमेरा काढला. विल्बर्टने एकदा वरच्या खिडकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्या नजरेत मला फोनच्या दुकानातला काचेचा खोका दिसला. 'मी आहे.' नाव कधीच नाही. ज्याला आपल्या आईशी बोलतानाही नाव घेता येत नाही, तो दुसऱ्यांची नावं विकणारा नसतो. त्याला स्वतःचंच नाव लपवायचं असतं, तिच्यासाठी.

मी गप्प राहिले असते तर तो परका ठरला असता. परक्यावर प्रेम करायला मी मोकळी होते. फक्त गप्प राहायचं होतं.

"तो माझ्या धाकट्या काकांचा मुलगा आहे," मी म्हणाले.

सगळे वळले.

"आईच्या माहेरी वाढला. तिथे सगळे हे खातात, याला कोणी अडवलं नाही. काकांचं आणि माझ्या वडिलांचं बोलणं बंद होतं, म्हणून मी आजवर ओळख दाखवली नाही. घरातलं भांडण फुटपाथवर कशाला आणायचं?"

"शपथ?" बाबांनी विचारलं.

"माझ्या वडिलांच्या थडग्याची."

चिहेरा बायका तोंडावर बोलतात, उद्धट बोलतात, पण खोटं बोलत नाहीत अशी आमची ख्याती आहे. ती मी त्या दिवशी खर्च केली. बाबांनी मान हलवली. माय रुफारो विल्बर्टवर ओरडली, "मेल्या, दात पडतील ते पडतील, आधी चूळ भर." कोणीतरी हसलं. गाणं पुन्हा सुरू झालं.

*

स्टेशनकडे जाताना पुलावर वारा होता. तो ढोल पोटाशी धरून चालत होता. अर्ध्या पुलावर तो थांबला.

"तुम्ही काय केलंत, कळतंय का तुम्हाला?" शेवटी तो म्हणाला.

"तुम्हाला वाचवलं."

"मला भाऊ केलंत. आधी नुसता देवकाचा होतो. आता चुलत झालो, शपथेवरचा."

मला हसू फुटलं. त्यालाही. आम्ही कठड्याला टेकून इतके हसलो की येणारेजाणारे बघायला लागले. आणि हसता हसता माझं रडणं कधी झालं ते मला कळलं नाही. त्याने रुमाल पुढे केला. रुमालाला धुराचा वास होता.

"माझं नाव ताउराई," तो म्हणाला.

ताउराई म्हणजे 'बोला'. आमच्याकडे अशी नावं असतात.

"आईने हौसेने ठेवलं. तिला काय ठाऊक..." त्याने पाण्याकडे पाहिलं. "देवक हत्ती. थोरल्या भावाने गावच्या सभेत सरकारविरुद्ध हात वर केला होता. नंतर आमचं धान्याचं कोठार जळलं. भाऊही... त्याचं पुढे नको. आई तिथेच आहे. ती गाव सोडत नाही, कारण भाऊ अंगणामागेच पुरलेला आहे. मी इथे उभा राहतो हे तिकडे कळलं तर म्हातारीला कोण सोडेल? म्हणून नाव बदललं. देवकही बदललं, कारण देवकावरून गाव काढता येतं. तोंडाला पहिलं आलं ते सांगितलं — म्होफू. तेव्हा तुम्ही यायच्या होतात."

"सिंह सांगायचा होता. पुष्कळ देवकं आहेत."

"रोज तेच म्हणतो मी स्वतःला."

वाऱ्याने माझी छत्री उलटी केली. तिची काडी वाकली ती तेव्हा. त्याने ती सरळ करायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"एकदा म्हणा," तो म्हणाला.

"काय?"

"नाव. मला ऐकून फार दिवस झाले."

मी आजूबाजूला पाहिलं. जवळ कोणी नव्हतं.

"ताउराई," मी म्हणाले. हळू. पुन्हा एकदा, "ताउराई."

त्याने डोळे मिटले. मघाशी मिटले होते तसेच. इतर बायकांना कोणी फुलं देतं, कोणी अंगठी. मला हे मिळालं, आणि ते कोणाला दाखवता येणार नव्हतं.

"म्हणजे... आई असेपर्यंत," मी म्हणाले.

आणि बोलल्याबरोबर आम्हा दोघांनाही कळलं की या वाक्याच्या पुढे जाता येत नाही. वाट पाहायची म्हणजे कशाची वाट पाहायची?

"तिला शंभर वर्षं मिळू देत," मी घाईने म्हणाले.

"मिळतील," तो म्हणाला. "आमच्या घरातल्या बायका मरत नाहीत. कंटाळल्या की निघून जातात."

*

आम्ही वाट पाहिली नाही. खरंच नाही. शनिवार येत गेले. चारचौघांत तो 'ताई' म्हणायचा, मी 'दादा'. माय रुफारो आम्हाला एका ताटात साद्झा वाढायची, आणि मक्याच्या त्या घट्ट गोळ्यातून घास तोडताना आमची बोटं लागली तर कोणाला काही वाटायचं नाही. भाऊबहीणच ना. त्या ताटाइतकी एकटी मी दुसरीकडे कुठे नव्हते.

फोनच्या दुकानात मात्र मी आता आत जात असे. पहिल्यांदा त्याने रिसीव्हर माझ्या हातात दिला तेव्हा मी आधी केस सारखे केले.

"कोण?" पलीकडून कर्कश आवाज. "जोरात बोल. इथे कोंबड्या ओरडताहेत."

मी रिवाजाप्रमाणे गुडघे वाकवून नमस्कार केला. फोनवर, काचेच्या खोक्यात. तो हसत होता.

"कोणाची तू?"

"चिहेरा, आई."

मग म्हातारी खुदखुदली. "चिहेरा. हट्टी असतात त्या. बरं झालं. माझा मुलगा मऊ आहे, त्याला हट्टीच पाहिजे. तो जेवतो का?"

"जेवतो."

"खोटं. त्याच्या आवाजावरून कळतं. मीठ जास्त घाल."

तिला आमची अडचण ठाऊकच नव्हती. तिच्या लेखी तिचा मुलगा हत्ती होता आणि मी चिहेरा होते, आणि त्यात अडचण कसली? सगळ्या जगात त्या एका म्हातारीच्या मनात आमचं लग्न होऊ शकत होतं. मी तिच्यासाठी लोकरीचा स्वेटर पाठवला, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर वातीचा दिवा पाठवला, दमा वाढला तेव्हा औषध पाठवलं. तिने जगावं म्हणून मी जितकी प्रार्थना केली तितकी माझ्या स्वतःच्या आईसाठी केली नव्हती. देवाला माहीत आहे. तिला मी कधी पाहिलं नाही.

एका शनिवारी ती बाजारच्या दुकानात आली नाही. पुढच्याही. मग शेजाऱ्याचा फोन आला. झोपेत गेली होती, अंगात स्वेटर घालून.

*

तो जाऊ शकत नव्हता. गेला असता तर परत येऊ दिलं नसतं. म्हणून माय रुफारोच्या ल्यूटनच्या घरात दुखवट्याची बैठक ठेवली. सोफे भिंतीला लावले, बायका जमिनीवर, पुरुष खुर्च्यांवर. ढोल कोपऱ्यात होता. दुसरंच कोणी वाजवत होतं. तो मध्ये बसला होता, पाहुण्यासारखा. एकेक जण येऊन हात हातात घेत होता. "विल्बर्ट, धीर धर." "विल्बर्ट, देवाची इच्छा." तो मान हलवत होता. दोन दिवस तो रडला नव्हता. माणूस परक्याच्या आईसाठी बसावा तसा बसला होता.

मला लेकींमध्ये बसवलं होतं. चुलत बहीण ना मी. आमच्यात मरणाच्या घरी लेकी रडतात आणि सुना हसवतात. सुना गेलेल्या माणसाचं कापड डोक्याला बांधतात, त्याची चाल करतात, आवाज काढतात, म्हणजे घर पुन्हा श्वास घेतं. तो मान फक्त सुनांचा. दुसऱ्या कोणी केलं तर अपमान.

"या घरात सून नाही," बाबा गवेन्झी हळहळले. "म्हातारी मुकी गेली."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. ज्याच्यासाठी नाव लपवायचं असं तिकडे आता कोणी उरलं नव्हतं, आणि तरीही त्याचं तोंड उघडत नव्हतं. इतकी वर्षं मिटलेलं तोंड एका दिवसात कसं उघडावं?

मी उठले. माय रुफारोच्या खांद्यावरची शाल ओढून डोक्याला गुंडाळली. म्हातारीची चाल मला माहीत नव्हती. ती बसायची कशी, हात कसे हलवायची, काही माहीत नव्हतं. माझ्याकडे फक्त आवाज होता. मी स्टुलावरचा फोन उचलला.

"कोण?" मी ओरडले, कर्कश. "जोरात बोल. इथे कोंबड्या ओरडताहेत."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"जेवतो का तो? खोटं. आवाजावरून कळतं. मऊ आहे माझा मुलगा. मीठ घाल, जास्त घाल!"

त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला. आधी मला कळलं नाही कसला. तो हसला होता. मोठ्याने, अगदी पोटातून; आणि मग तोंडावर दोन्ही हात घेऊन तो मुलासारखा रडू लागला.

"चिहेरा," बाबा गवेन्झी उभे राहिले. "खाली बस. तू लेक आहेस या घरची. हे सुनेचं काम आहे."

"म्हणूनच करतेय, बाबा," मी म्हणाले.

ढोलवाल्याचा हात हवेत राहिला. मग मध्ये बसलेला तो उठला. डोळे पुसले नाहीत.

"मी म्होफू नाही," तो म्हणाला. "मी हत्ती. माझं नाव ताउराई. ती माझी आई होती, आणि मी तिच्यासाठी खोटं बोललो. हिने शपथ घेतली तीही तिच्यासाठीच." मग माझ्याकडे वळून, अडखळत — पण या खेपेला 'ताई' नव्हतं पुढे — "मायदेई."

शेवटचा स्वर किंचित खाली.

माय रुफारोने कपाळावर हात मारला. "म्हणजे इतकी वर्षं मी या दोघांना एका ताटात... आणि क्रॉयडनवाल्याचे बूट?"

"बूट वाईटच होते," तो म्हणाला.

बाबा गवेन्झींनी टाय सरळ केला, गुडघे वाकवले आणि पुरुष वाजवतात तशी सपाट हातांची संथ टाळी वाजवली. "समान्यांगा," ते म्हणाले. हत्तीच्या देवकाला मानाने हाक मारतात ती अशी. "तुझी आई गेली, समान्यांगा. आम्हाला वाईट वाटतं."

आणि मग सगळे उठले. ज्यांनी तासापूर्वी त्याचं सांत्वन केलं होतं ते पुन्हा रांगेत उभे राहिले, कारण आधीचं सांत्वन विल्बर्टचं झालं होतं. एकेकाने हात हातात घेतला. "ताउराई, धीर धर." "ताउराई." "ताउराई." मी शेवटी उभी राहिले. ओंजळीसारखे हात जुळवून, खाली वाकून मी टाळी वाजवली, आणि सगळ्यांच्या देखत ते नाव घेतलं.

बाहेर पडलो तेव्हा भुरभुर सुरू होती. त्याच्या पाठीवर ढोल होता. मी वाकड्या काडीची छत्री उघडली आणि हात उंच करून त्याच्या डोक्यावर धरली.

"ढोलावर..." तो म्हणाला.

"ढोल भिजू दे," मी म्हणाले.